दुसरा शनिवार

महिन्याचा दुसरा शनिवार म्हटला की बहुतेक घरांत एवढेच आठवते, की आज बँक बंद. आमच्या घरात या दिवसाला वेगळा अर्थ आला तो थोरली लेक आठवीत गेल्यावर. पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला, ‘आयुका’ नावाची संस्था आहे. तारे, दीर्घिका, कृष्णविवरे यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संस्था 1988 साली सुरू झाली, आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. आत रोज कसली ना कसली परिसंवाद-व्याख्याने चालतात, ती शास्त्रज्ञांची शास्त्रज्ञांसाठी. पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचे व्याख्यान शाळेच्या मुलांसाठी असते. शाळांनी थोडी थोडी मुले शिक्षकांबरोबर पाठवायची, आणि चंद्रशेखर सभागृहात बसून खरोखरचा संशोधक काय सांगतो ते ऐकायचे.

आम्ही कोंढव्यात राहतो. आमच्यापैकी एकाचे सायकलचे दुकान आहे, दुसरी घरी शिलाई करते. गणेशखिंड आमच्यापासून दोन बस आणि अर्धे शहर लांब. मुलीच्या उर्दू शाळेतून तिकडे कधी कोणी गेले नव्हते. आम्ही विचारायला गेलो तेव्हा एका शिक्षकांनी सरळ सांगितले, “आपल्या मुलांना तिथलं काय कळणार? उगाच दिवस वाया.” पुढच्या वर्षी विज्ञानाला नवे सर आले. त्यांनी स्वतःची सुट्टी मोडून सहा मुलींना नेले. त्यात आमची एक.

ती परत आली ती रागावलेली. व्याख्यान मराठीत झाले होते. मराठी तिला चांगले येते, पण विज्ञान ती उर्दूतून शिकलेली. गुरुत्वाकर्षण म्हणजे आपले कशिश-ए-सिक्ल, प्रकाशवर्ष म्हणजे नूरी साल, ग्रह म्हणजे सय्यारा, हे मनात लावून होईपर्यंत बोलणारे पुढे निघून गेलेले असत. आम्हाला वाटले, आता ही परत जायचे नाव काढणार नाही. रात्री पाहतो तर वहीत तीन रकाने आखून बसलेली: उर्दू, मराठी, इंग्रजी. दहावीपर्यंत त्या वहीत शंभराच्या वर शब्द झाले. पुढे तिची मैत्रीण शाळेत ती वही मागू लागली, मग मैत्रिणीची मैत्रीण. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याचाही त्यात थोडा धंदा झाला.

आम्ही सगळे मिळून गेलो ते 28 फेब्रुवारीला. सी. व्ही. रामन यांनी 1928 साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला, म्हणून 1987 पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी अशा संस्थांची दारे सर्वांना उघडी असतात. दादीअम्मा आणि धाकटा मुलगाही सोबत होते. बसमध्ये दादींनी दोनदा विचारले, “अपने जैसों को अंदर छोडते क्या?” हा प्रश्न दादींचा एकटीचा नव्हता. बुरख्यातली बाई अशा फाटकासमोर उभी राहते तेव्हा तिच्या पोटात काय होते, ते आमच्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. फाटकावरच्या माणसाने सगळ्यांना दाखवला तसाच आम्हालाही हात करून रस्ता दाखवला. आमच्या पुढे चिंचवडची एक शाळा होती, मागे कुठल्याशा गावाहून आलेले शेतकरी जोडपे आणि त्यांचा मुलगा.

ही इमारत चार्ल्स कोरिया यांनी बांधली. प्रवेशाची भिंत काळ्या दगडाची आहे: खाली आपला साधा बेसाल्ट, वर त्याहून काळा कडाप्पा, आणि सर्वांत वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग दिसतात. मधल्या कुंडाच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. अल-बिरूनी किंवा इब्न अल-हैथम असते तर आम्हाला आवडले असते, एवढे म्हणून पुढे गेलो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो मुलांच्या विज्ञानशोधिकेत. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. तो सप्तर्षींतला एक तारा, आणि इमारत उभी राहिली ती पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून, म्हणून नावात पु. ल.ही आले. अरविंद गुप्ता यांनी इथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवायला शिकवले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घरे बनतात. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पुलाला त्रिकोण का असतात ते सात वर्षांच्या मुलालाही बोटांनी कळते. वीस वर्षे ती नळी आम्ही दुकानात कापून विकतो, तिचा हा उपयोग तिथे पाहिला.

बाहेर उन्हात एक काठी उभी करून तिच्या सावलीच्या खुणा केलेल्या होत्या. एक विद्यार्थिनी समजावत होती. धाकटा मोठ्याने म्हणाला, “हे तर असरचं आहे!” तिला कळेना. मग त्यानेच सांगितले की दुपारची सर्वांत छोटी सावली सोडून बाकीची सावली वस्तूएवढी झाली की नानीकडे असरची वेळ होते, आणि आमच्याकडे दुप्पट झाली की. (आमचे घर हनफी, नानीचे रत्नागिरीकडचे शाफई. मुलाला हा फरक पक्का माहीत, कारण नानीकडे क्रिकेट लवकर थांबते.) त्या मुलीने हे सगळे आपल्या डायरीत लिहून घेतले, आणि बदल्यात एक गोष्ट दिली, जी आम्ही पुढच्या मे महिन्यात गच्चीवर करून पाहिली. 27-28 मे आणि 15-16 जुलै या दिवसांत मक्केच्या दुपारी सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो. मे महिन्यात तेव्हा आपल्या घड्याळात 2 वाजून 48 मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केले की तीच किब्ल्याची दिशा. जुलैत आपल्याकडे ढग, पण मे महिन्यात ऊन भरपूर. आमची जानमाज जागची हलवावी लागली नाही, तेव्हा दादी खूश.

सभागृहातल्या प्रश्नोत्तरांत आमच्या लेकीने हात वर केला. किती वेळ वर होता कोण जाणे. माईक हातात आल्यावर तिने विचारले, “चंद्र एकच आहे, मग सौदीत आमच्या आधी ईद का होते?” सभागृहात हसू उठले. पुढे बसलेले शास्त्रज्ञ हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र काढले. अमावास्येचा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. तिथून पुढे चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर सरकतो. हे अंतर सात अंशांच्या आत असेल तर कोर डोळ्यांना दिसतच नाही. मक्केत सूर्य आपल्यानंतर सुमारे सव्वादोन तासांनी मावळतो, तेवढ्यात चंद्राला आणखी एक अंश मिळतो. कधी कधी तो एक अंशच दिसणे आणि न दिसणे ठरवतो. “पण दर वेळी नाही,” ते म्हणाले. “उरलेला फरक चंद्राचा नाही, माणसांनी तारीख कशी ठरवायची त्याचा आहे. त्याचं उत्तर माझ्या फळ्यावर नाही.”

दर वर्षी 29व्या रात्री मोबाईलवर जे भांडण होते, त्याबद्दल इतके स्वच्छ बोलणे आम्ही पहिल्यांदा ऐकले. कोणाला खोटे पाडले नाही, कोणाची टिंगल नाही.

असर आम्ही तिथेच पढलो. कुठे पढावी म्हणून विचारले तर वॉचमनने झाडाखालची शांत जागा दाखवली आणि नळ कुठे आहे तेही सांगितले. मगरिबनंतर आकाशदर्शन होते. कृत्तिका दाखवल्या तेव्हा दादी म्हणाल्या, “ये तो सुरैया है.” आमच्या फुफीचे नावही सुरैया, तिला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. कृत्तिकांच्या मागून येणारी रोहिणी म्हणजे अल्डेबरान, अरबीत अद-दबरान, मागून येणारा. मृगातला राजन्य म्हणजे रायजेल, रिज्ल, पाय. दुर्बीण दाखवणाऱ्या तरुणाने अब्दुर्रहमान अस-सूफी यांचे नाव घेतले. त्यांनी 964 साली ताऱ्यांवरचा ग्रंथ पुरा केला आणि देवयानीतल्या त्या धूसर ठिपक्याची नोंद केली, जी पुढे स्वतंत्र दीर्घिका निघाली.

आम्हाला इथे थोडे स्पष्ट लिहायचे आहे. आपल्या जलशांत अशी नावे खूप ऐकू येतात. आपल्या बुजुर्गांनी हे आधीच शोधले होते, असे सांगून टाळ्या मिळतात आणि सगळे बिर्याणीला उठतात. अस-सूफींनी रात्री जागून एकेका ताऱ्याचे तेज जुन्या यादीशी ताडून पाहिले होते. त्या मैदानात आमच्या मोहल्ल्यातून किती जण होते? आम्ही पाच.

अशा संस्था पुण्यातच आहेत असे नाही. आमची मुंब्र्याची मामेबहीण मुलांना माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात ‘चाय अँड व्हाय’ला नेते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2009 पासून चालवलेला हा रविवारचा कार्यक्रम. बोलणारे संशोधक, प्रश्न कोणीही विचारावेत. त्याच संस्थेच्या कुलाब्याच्या इमारतीत, दर्शनी दालनात, पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे भले मोठे भित्तिचित्र आहे. होमी भाभांनी नव्या इमारतीसाठी चित्रकारांकडून कल्पना मागवल्या होत्या, त्यातून हुसेन यांची निवड झाली. अणू-किरणांचा अभ्यास करणाऱ्यांना रोज येता-जाता चित्रे दिसली पाहिजेत, असे भाभांना वाटे. या संस्थांत गाण्याच्या मैफली आणि नाटकेही होतात. पुण्यातल्याच एका संस्थेत आम्ही सतारीची मैफल ऐकली. गाण्या-वाजवण्याबद्दल आमच्या घरात एकमत नाही. दादी बाहेर बाकावर बसून तस्बीह पढत राहिल्या. दार मात्र उघडेच होते.

खरी कसोटी आली दहावीनंतर. घरात दोन पक्ष. फुफीचे म्हणणे, अकरावीला आर्ट्‌स घ्यावे, कॉलेज जवळ आहे, मुलगी डोळ्यांसमोर राहील. विज्ञान म्हणजे क्लासची फी, लांबचे कॉलेज, संध्याकाळी उशिरा येणे. फुफींचे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. फीचा आकडा ऐकून आमचीही झोप उडाली होती. निकाल लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि घरात रोज हाच विषय.

त्याच दिवसांत, 20 मे 2025 रोजी, नारळीकर गेल्याची बातमी आली. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते म्हणत, सही नको, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. हे सरांकडून ऐकल्यापासून लेकीने पन्नास पैशांचे एक पोस्टकार्ड आणून ठेवले होते. चांगला प्रश्न सुचेपर्यंत थांबायचे, असे तिचे चालले होते. त्या दिवशी ते पोस्टकार्ड तिने फुफींपुढे ठेवले. ते कोरे होते. ती म्हणाली, “फुफी, मेरेकू अभी तक ढंग का सवाल भी पूछने नहीं आया. उतना तो सीखने दो.”

फुफी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या फॉर्मवर पहिला पसंतीक्रम विज्ञानाचा गेला. क्लास अजून लावलेला नाही. त्या नव्या सरांच्या ओळखीचा एक विद्यार्थी आठवड्यातून दोनदा घरी येऊन गणित घेतो, आम्ही त्याची सायकल फुकट दुरुस्त करतो. भौतिकशास्त्रात पहिल्या चाचणीत तिला 25 पैकी 11 मिळाले. दुसऱ्या चाचणीत 16.

येत्या 28 फेब्रुवारीला मोहल्ल्यातली आणखी दोन घरे येतो म्हणाली आहेत. दादीअम्मांनी या वेळी स्वतःचा प्रश्न तयार ठेवला आहे. त्यांच्या लहानपणी कोंढव्यात रात्री इतक्या चांदण्या असत की मोजता मोजता झोप लागायची, आता गच्चीवर चार-पाचच कशा उरल्या? आम्ही म्हटले, तुमच्या वतीने आम्ही विचारतो. त्या म्हणाल्या, “नको. माईक मेरेकू देना.”