नेब्रास्काच्या माळावरील वादळ

सह्याद्रीच्या घाटांत पाऊस डोंगराआडून एकाएकीं अंगावर येतो. अमेरिकेच्या मध्यभागीं पसरलेल्या विस्तीर्ण माळरानांवर मात्र वादळ तास-दीड तास आधींच क्षितिजावर उभें राहिलेलें दिसतें. काय करावयाचें हें ठरविण्यास प्रवाशाला अवधि मिळतो. आणि त्या अवधीचा उपयोग करण्यांतच तेथील लोकांचें शहाणपण आहे, असें मला नेब्रास्कांतील प्रवासांत दिसून आलें.

माझे थोरले बंधु ओमाहा येथें राहतात. एका जून महिन्यांत ते, वहिनी, त्यांचे सोळा वर्षांचे चिरंजीव आणि मी असे चौघे मोटारींत तंबू व शिधा घालून पश्चिमेकडे निघालों. वाट प्लॅट नदीच्या कांठाकांठानें जाते. एकोणिसाव्या शतकांत ओरेगॉनकडे जाणारीं कुटुंबें बैलगाड्या घेऊन याच खोऱ्यांतून गेलीं. कोझॅड या लहानशा गांवीं शंभराव्या रेखांशाची पाटी आहे. साधारणतः येथून पश्चिमेस वर्षाचा पाऊस वीस इंचांखालीं उतरतो आणि कुरणें वाढत जातात. १८६२ च्या कायद्यान्वयें वसाहतदारास १६० एकर जमीन मिळे. पूर्वेकडे तेवढींत संसार चाले, पण या कोरड्या भागांत अनेकांचे संसार मोडले. ओमाहा समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० फूट उंच, तर पश्चिमेचें स्कॉट्सब्लफ जवळजवळ ३,९०० फूट. परंतु सुमारें ४५० मैलांतील हा चढ जाणवतही नाहीं.

या सपाटींतच वादळांचें मूळ आहे. मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण, दमट वारा उत्तरेकडे येतो. रॉकी पर्वताकडील कोरडी हवा त्याच्यावर पसरते. आणि खूप उंचावर पश्चिमेचे वेगवान वारे वाहत असतात. अडविण्यास मध्यें आडवा डोंगर नाहीं. खालच्या व वरच्या वाऱ्यांची दिशा आणि वेग निरनिराळे असल्यामुळें वर चढणारा ढग स्वतःभोवतीं फिरूं लागतो. अशाच एखाद्या ढगाखालून टॉर्नेडो ही भयंकर वावटळ जमिनीस टेकते.

चिम्नी रॉकचा सुळका पाहून आम्हीं एका तळ्याकांठीं तंबू ठोकला. सायंकाळीं नैर्ऋत्येस ढग चढला. त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला आणि पोटाला हिरवट छटा आली.

"काका, आपण मोटारींतच बसूं या. कांचा वर केल्या कीं झालें," चिरंजीव म्हणाले.

"अरे, मोटार वावटळींत उलटते," दादा म्हणाले. "पक्क्या भिंती पाहिजेत."

रस्त्यावरील पुलाखालीं थांबणें तर त्याहूनही घातक. ३ मे १९९९ रोजीं ओक्लाहोमांत असा आसरा घेतलेल्या कांहीं जणांचा अंत झाला.

हवामानखात्याचा रेडिओ इशारा देतांना जिल्ह्यांचीं नांवें घेतो. म्हणून प्रत्येक मुक्कामीं जिल्ह्याचें नांव कागदावर टिपून ठेवण्याचा दादांचा नेम होता. आमच्या जिल्ह्याचें नांव ऐकूं येतांच आम्ही उठलों. तळाची देखरेख करणारे वृद्ध गृहस्थ तंबूतंबूंतून सर्वांस काँक्रीटच्या स्नानगृहाकडे धाडीत होते. तेथें वीसेक माणसें दाटीवाटीनें बसलीं. लिंबाएवढ्या गारा छपरावर आदळूं लागतांच एक लहान मुलगी रडूं लागली. वहिनींनीं डबा उघडून तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. पाऊण तासानें वादळ ईशान्येस सरकलें. टॉर्नेडो आमच्याकडे उतरला नाहीं. परंतु तंबू फाटला होता आणि मोटारीची पुढची कांच तडकली होती.

एके काळीं लोक घाबरतील म्हणून 'टॉर्नेडो' हा शब्दच अंदाजांत टाळीत असत. २५ मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं प्रथम तसा स्पष्ट अंदाज दिला, आणि तो खरा ठरला. ४ मे २००७ रोजीं कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हें सुमारें १,४०० वस्तीचें गांव जवळजवळ भुईसपाट झालें. तरी वेळेवर इशारा मिळाल्यानें बहुतेक रहिवासी तळघरांत जाऊन वांचले. भीति लपवून ठेवण्यापेक्षां ती नांवानिशीं सांगितल्यानें माणसें अधिक धीरानें वागतात, हें तेथें पटतें.

दुसऱ्या दिवशीं शिवलेला तंबू घेऊन आम्ही पुढच्या मुक्कामीं पोंचलों. दोऱ्या सोडण्यापूर्वींच चिरंजीवांनीं आपण होऊन जिल्ह्याचें नांव विचारलें, आणि पक्की इमारत कोठें आहे तेंही ते पाहून आले.