जुळ्यांचे कपडे : सारखे की वेगळे?



ज्या घरात जुळी मुलं जन्माला येतात, त्या घरी बारशाला येणारी प्रत्येक बाई हमखास एकसारखे दोन जोड घेऊन येते. आमच्या सांगलीच्या घरी जुळ्या नाती झाल्या तेव्हा असे सतरा जोड जमले होते. मी कॉमर्सची, मोजायची सवय काही जात नाही. त्यातले दोन जोड रेशमी होते. रेशीम आपल्याकडे चालत नाही, म्हणून ते बाजूला ठेवले. बाकीचे पंधरा जोड दोघींनी अंगावर मिरवले. बघणाऱ्यांना मोठं कौतुक!

आता दोघी साडेपाच वर्षांच्या आहेत. नावं इथे लिहीत नाही, सूनबाईंना ते आवडत नाही. घरात आम्ही चिऊ-माऊ म्हणतो, तेच इथेही. दोघी एका बीजाच्या, त्यामुळे चेहरा, उंची, आवाज सगळं सारखं. चिऊच्या उजव्या भुवईखाली एक तीळ आहे, तेवढाच काय तो फरक. पण तो बघायला जवळ जावं लागतं आणि एवढं जवळ कोण जातं?

सारखे कपडे घ्यायचे हा सूनबाईंचा नियम होता आणि त्याला कारणंही होती. एकीला गुलाबी आणि दुसरीला पिवळा फ्रॉक आणला की दोघींना गुलाबीच हवा. सकाळी शाळेच्या घाईत हा तंटा कोण सोडवणार? शिवाय जत्रेत, लग्नात एक नजरेआड झालीच, तर दुसरीला पुढे करून "अगदी अशीच दिसते, हाच फ्रॉक" असं सांगता येतं. हा मुद्दा मलाही पटण्यासारखा होता.

पण यंदा दशलक्षण पर्वात मंदिरातल्या पाठशाळेत एक प्रसंग घडला. मुलांचा छोटा कार्यक्रम होता. माऊ एरवी लाजरी, पण त्या दिवशी तिनं उभं राहून णमोकार मंत्र आणि पहिल्या बारा तीर्थंकरांची नावं न अडखळता म्हटली. टाळ्या झाल्या. शेवटी बक्षिसं वाटताना शिकवणाऱ्या आक्कांनी कंपासपेटी चिऊच्या हातात दिली आणि "शाब्बास गं बाळ" म्हणून पाठ थोपटली. चिऊनं घेतली. पाच वर्षांचं पोर, देणारे देतात तर घेणारच. सूनबाईंनी लगेच आक्कांना सांगितलं, पेटी माऊला मिळाली, सगळे हसलेसुद्धा. माऊ हसली नाही. रात्री झोपताना मला विचारते, "आजी, मी म्हटलं तेव्हा मी चिऊ झाले होते का?"

दुसऱ्या दिवशी माऊनं सारखा फ्रॉक घालायला साफ नकार दिला. आणि चिऊ रडायला लागली, कारण तिला माऊसारखंच हवं! एकीला वेगळं व्हायचंय, दुसरीला सारखं राहायचंय, आणि दोघी तेवढ्याच खऱ्या. आता कुणाचं ऐकायचं?

मी आणि सूनबाई दुपारी गहू निवडता निवडता यावर बोललो. त्या म्हणाल्या, "आई, मी दोघींना सारखं देते ते एकीवरही अन्याय होऊ नये म्हणून." त्यांचं मन मला माहीत आहे. मी एवढंच म्हटलं, की समान देणं आणि एकसारखं देणं ही दोन वेगळी खाती आहेत. दोघी भुकेल्या असतील तर दोघींना पोटभर द्यायचं, पण एकीला दोन पोळ्या लागतात आणि दुसरीला एक. दोघींना दीड-दीड वाढली तर हिशेब जुळेल, पोट नाही भरणार.

आपल्या धर्मात तर हे किती स्पष्ट आहे! शरीर कसं मिळणार ते नामकर्मावर अवलंबून, पण जीव प्रत्येकाचा स्वतंत्र. एका आईच्या पोटात नऊ महिने शेजारी राहिलेल्या दोन जीवांचंही कर्म वेगळं, पुण्य-पाप वेगळं. बारा भावनांमधली एकत्व भावना हेच सांगते, की जीव एकटा येतो आणि एकटा जातो. म्हणजे जुळीसुद्धा एकेकटीच आलेली असतात. आणि शरीराचं म्हणाल तर तेही पुरतं सारखं नसतं. दिसायला हुबेहूब असलेल्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेदेखील वेगळे असतात.

आणखी एक गोष्ट मला पाठशाळेवरूनच सुचली. मंदिरात तीर्थंकरांच्या मूर्ती एका ओळीत असतात. तीच मुद्रा, तेच ध्यान. मग मुलांना आपण काय शिकवतो? खाली लांछन बघा. बैल दिसला तर आदिनाथ, चंद्र असेल तर चंद्रप्रभ, हरीण असेल तर शांतिनाथ, शंख असेल तर नेमिनाथ, सिंह असेल तर महावीर. सगळे सारखेच वंदनीय, तरीही प्रत्येकाची ओळख राखलेली आहे. तिथे आपण वाकून, निरखून बघतो. मग घरातल्या लेकरांना निरखायला आपल्याला वेळ का नसावा?

सासरच्या नात्यात एक वयस्कर आत्या आहेत, त्याही जुळ्या. त्यांची बहीण आता हयात नाही. मी त्यांना फोन केला. म्हणाल्या, "एकाच ताग्यातून आमची परकर-पोलकी शिवायचे. कपड्यांचं काही नव्हतं गं. पण गावात मला कुणी नावानं हाक मारली नाही. 'तू कोणती?' हेच ऐकत मोठी झाले. लग्न होऊन परगावी गेले, तेव्हा कुठे मला माझं नाव मिळालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पन्नाशीत आम्ही दोघींनी मिळून एकसारखी सुती पातळं घेतली होती. ती गेल्यावर माझं मी जपून ठेवलंय. ते आम्ही आपणहून घेतलं होतं ना."

"आपणहून" हा शब्द माझ्या मनात बसला. सारखे कपडे वाईट नाहीत. लहानपणी ते कुणीतरी ठरवून चढवतं आणि मग सगळे कपड्याकडे बघून कौतुक करतात, चेहऱ्याकडे बघायचे कष्ट घेत नाहीत, हे वाईट.

आता आमच्याकडे असं ठरलंय. रोजचे कपडे ज्याचे त्यानं निवडायचे. चिऊला माऊसारखं घालायचं असेल तर तिनं माऊला विचारायचं, आणि माऊ नाही म्हणाली तर नाही. पाठशाळा, शाळा, डॉक्टर, जिथे बाहेरची माणसं दोघींशी वेगवेगळं बोलणार, तिथे कपडे वेगळे. मुली आजारी असताना तर नक्कीच, म्हणजे औषध एकीला दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही असं व्हायला नको. सणासुदीला दोघींची मर्जी असेल तर सारखे फ्रॉक. त्यावर मी खिशापाशी एक छोटं चिन्ह भरून देते. लांछनं नाही हं काढली, ती कपड्यावर शोभत नाहीत. माऊनं फुलपाखरू मागितलं, चिऊनं छत्री. छत्री का, तर म्हणे पावसात माऊला पण घेता येईल!

यात माझ्यातल्या कॉमर्सवालीचाही एक फायदा झाला. सारखे दोन-दोन असे चार फ्रॉक घेतले तर प्रत्येकीला दोनच प्रकार मिळतात. वेगळे चार घेतले आणि दोघींनी राजीखुशीनं अदलाबदल केली तर प्रत्येकीला चार. खर्च तेवढाच आणि कपाटातला परिग्रहही वाढत नाही. एकेक फ्रॉक मात्र ज्याचा त्याचा, तो न विचारता दुसरीनं घ्यायचा नाही. मुलांना "माझं" म्हणायला काहीतरी हवं. माझं असल्याशिवाय ते देण्यातला आनंद कसा कळणार?

तेव्हा मैत्रिणींनो, जुळ्यांच्या घरी भेट नेताना आधी त्यांच्या आईला विचारा. नेलीत तर दोन वेगळी न्या आणि प्रत्येकीच्या हातात तिचं नाव घेऊन द्या. नाव चुकेल अशी भीती वाटली तर सरळ विचारा, "बाळा, तुझं नाव काय?" फक्त "तू कोणती?" असं विचारू नका.

जय जिनेंद्र.