वंगण

कारखान्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. चांगले धडधाकट यंत्र पुष्कळदा चमचाभर तेल वेळेवर न पडल्यामुळे बंद पडते. भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर उभे राहून मी हे शहाणपण मिळविले. पण देवाने आपल्या तोंडातही अशीच एक तेलाची बुधली बसविली आहे, हे कळायला मात्र मला घशाचा कर्करोग व्हावा लागला!

लाळेला आपल्या भाषेत प्रतिष्ठा नाही. लाळघोट्या ही शिवी. लाळ गळणे म्हणजे हावरटपणा. असे असूनही निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ बिनबोभाट तयार होत असते. तिच्यामुळे घास भिजतो, चव जिभेला कळते, दात किडीपासून बचावतात आणि रात्रभर घसा ओला राहतो.

माझ्यावर शस्त्रक्रिया न करता किरणोपचार करायचे ठरले. आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, एकूण 35 वेळा. रोज पिंपरीहून मेट्रोने पुण्याला जायचे आणि शेक घेऊन परत यायचे. चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा घट्ट बसवून तो टेबलाला अडकवीत. लेथच्या चकमध्ये जॉब धरावा तसा! माप केसभरही चुकू नये म्हणून चाललेली ती धडपड मला ओळखीची वाटली आणि भीती पुष्कळ कमी झाली. परंतु लाळेच्या मोठ्या ग्रंथी कानापुढे आणि जबड्याखाली, म्हणजे किरणांच्या वाटेवरच वस्तीला असतात. आजची यंत्रे त्यांना बऱ्याच अंशी वाचवितात. पूर्णपणे वाचविणे दर वेळी साधतेच असे नाही.

पस्तिसावा शेक झाला त्या दिवशी सौ.ने शेजारीपाजारी पेढे वाटले. मलाही एक चिमूट दिली. ती टाळूला जी चिकटली ती पाण्यानेच सोडवावी लागली. किरणांचे हे एक विलक्षणच आहे. उपचार संपले तरी आतली होरपळ पुढे आठवडा-दोन आठवडे वाढतच राहते. पाण्याचा घोटसुद्धा काचेसारखा कापीत जाई. भेटीला येणारे म्हणत, ‘सुटलात की हो!’ एका स्नेह्याने शरद पवारांचा दाखला दिला. 2004 साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊनही त्यांनी पुढे दोन दशके राजकारण केले. दाखला खरा आणि धीर देणाराही. पण मला राजकारण करायचे नव्हते, वाटीभर वरणभात संपवायचा होता!

डॉक्टरांनी दिलेली यादी पाहून मला वर्कशॉपातला देखभालीचा तक्ता आठवला. मी ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकविली. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा. दातांना फ्लोराइड. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम. सकाळी हनुवटीखाली येणारी सूज शिकविल्याप्रमाणे हलक्या हाताने उतरविणे. ठराविक महिन्यांनी थायरॉइडसाठी रक्ताची तपासणी. आणि जोर लावून आवंढा गिळण्याची तालीम. दुःखात माणसे आवंढा किती सहज गिळतात! मला त्यासाठी आधी पाण्याने जीभ ओली करावी लागे. ज्या पिंपरीत 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तिथे राहणाऱ्या माणसाचा औषधांवर विश्वास असायचाच. पण कृत्रिम लाळेच्या बाटलीचा ओलावा घटकाभर टिकतो. पुन्हा घशाला कोरड ती कोरडच.

चव तर केव्हाच गेली होती. साखर मातीसारखी लागे. तिखट आणि आंबट जिभेला भाजे. म्हणून सौ.ने घरातली फोडणीच बंद केली. मी पेज प्यायची, तर तीही मऊ भातावर भागवी. मुलगा चाकणच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर येई आणि निमूटपणे तेच अळणी जेवे. घराला जणू सुतक लागले होते. बोलण्याचा त्रास होई म्हणून एका रात्री मी वहीत लिहिले, ‘उद्या मिसळ कर. तुम्ही खा. मला वास पुरे.’

‘अहो, तुमच्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरेल का?’ सौ. म्हणाली.

माझा घास न उतरण्यावर डॉक्टरांकडेही झटपट इलाज नव्हता. तिचा घास न उतरण्यावरचा इलाज मात्र माझ्या हाती होता. मी वहीतल्या त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी मोहरी तडतडली, मिरचीचा खाट उठला, सगळे ठसकले, आणि सर्वांत जास्त मी. पण त्या दिवशी तिघेही बऱ्याच दिवसांनी एकत्र जेवायला बसलो. माझी पेज संपायला पाऊण तास लागला. तोवर कोणीही ताटावरून उठले नाही.

आता आठ महिने झाले आहेत. खारट परत आले, तुरट आले. गोड अजून उंबऱ्यावरच घुटमळते आहे. यंदा शंकरपाळे मी दुधात भिजवून खाईन. चकली मात्र माझ्या दृष्टीने अजून खडीच आहे. पाण्याची बाटली आता चष्म्याइतकीच सोबतीची झाली आहे. आणि तपासणीच्या आदल्या रात्री घशाला जी कोरड पडते ती किरणांची की भीतीची, हे मला अजून ओळखता येत नाही. तेव्हा मी बाटली उशाशी घेतो, आणि सौ. अंधारात विचारते, ‘पाणी आहे ना?’ तेवढ्याने झोप लागते.

या दिवाळीत तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी पाहुणा आला, तर ‘एकच चकली घ्या हो’ असा आग्रह करू नका. त्याच्या बशीजवळ पाण्याचे भांडे ठेवा, त्याला सावकाश खाऊ द्या, आणि त्याच्यादेखत तुम्ही संकोच न करता पोटभर फराळ करा.