पाण्यावरची एस.टी.

दिवाळीच्या सुटीत कोण कोण कुठे गेले ते भित्तीपत्रकासाठी लिहून आणा, असे गुरुजींनी सांगितले. आपल्या वर्गातले बहुतेक जण मामाच्या गावी गेले होते. मीही मामाकडेच गेलो, पण माझा मामा साताऱ्याला नोकरीला आहे. त्यामुळे मला कोयना धरणाचे पाणी पाहायला मिळाले. नुसते पाहायला नाही, तर लाँचमध्ये बसून त्याच्या काठची गावे फिरायला मिळाली.

मी, आई आणि आजी असे तिघे तेल्हाऱ्याहून एस.टी.ने अकोल्याला गेलो आणि संध्याकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. रात्रभर गाडी चालली. सकाळी सातारा आले. स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, मामा घ्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावरून बामणोलीला गेलो. कासची फुले तोवर संपली होती, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

घाट उतरताना एका वळणावर एकदम पाणी दिसले. आजी म्हणाली, "माय माय, एवढं पाणी! गोड हाय काय रे हे?"

बालमित्रांनो, तुम्हाला हे हसण्यासारखे वाटेल. पण माझ्या आजीचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. तिचा जन्म विहिरीचे खारे पाणी पिण्यात गेला. आता वान धरणाचे पाणी नळाने येते, पण ते रोज येत नाही. म्हणून कुठेही गेले की ती आधी पाणी चाखून पाहते. बामणोलीला उतरल्याबरोबर ती काठाशी गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. म्हणाली, "साखर हाय बाप्पा." आईने तिला अजून पिऊ दिले नाही.

ह्या पाण्याला शिवसागर म्हणतात. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहते. तिच्यावर पाटण तालुक्यात धरण बांधले, ते १९६४ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे सुमारे ५० किलोमीटर लांब पसरले आहे. त्यात १०५ टी.एम.सी. पाणी मावते. आपल्या वारीच्या हनुमान सागराशी गुरुजींनी फळ्यावर हिशेब करून पाहिला, तर तसे पस्तीस हनुमान सागर त्यात बसतात. ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात सोडतात आणि त्यावर वीज तयार होते.

भूगोलाच्या पुस्तकात बंदराचे चित्र आहे. त्यात मोठी जहाजे आणि माल उचलायच्या याऱ्या दाखवल्या आहेत. इथे तसे काही नाही. मातीचा उतार, दोन-चार दगड आणि खुंटाला बांधलेला दोर, झाले बंदर! मी मामाला विचारले की इथे पक्का धक्का का बांधत नाहीत? मामा म्हणाला, बांधणार कुठे? पावसाळ्यानंतर पाणी वरपर्यंत असते, आणि मे महिन्यात ते कितीतरी खाली उतरते. आज जिथे लाँच लागली तिथून उन्हाळ्यात चिखल तुडवत खाली जावे लागते. म्हणजे तिथले बंदरच पाण्यामागे वर-खाली हिंडत असते.

आपली शाळा जशी जिल्हा परिषदेची, तशा तिथे सातारा जिल्हा परिषदेच्या लाँचसुद्धा आहेत. फिरायला येणाऱ्या लोकांसाठी बोटक्लबच्या बोटी वेगळ्या. मामाने मुद्दाम गावच्या लोकांबरोबर आमची सोय केली. लाँचमध्ये तांदळाची पोती, गॅसचे सिलिंडर, पत्रे आणि एक कोंबडी होती. एक बाई तापलेल्या बाळाला दवाखान्यातून परत घेऊन चालली होती. ती सारखी बाळाच्या कपाळाला हात लावून पाहत होती. आम्हाला नारिंगी जाकिटे घालायला दिली. आजीने लुगड्यावरून जाकीट घातले तेव्हा मला फार हसू आले. इंजिन धडधड करू लागले आणि लाँच निघाली. कोणी काठावरून हात केला की लाँच तिकडे वळे, माणूस चढे, की पुन्हा पुढे. अगदी आपल्या एस.टी.सारखेच, फक्त धूळ नाही.

आमच्याशेजारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारले, "कुठनं आलासा?" आजीने तेल्हारा, अकोला जिल्हा असे सांगितले. "लई लांबनं आलासा की," असे म्हणून तिने पदराच्या गाठीतले चणे काढून मला दिले. मग दोघी बोलत बसल्या. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळत होती, पण त्यांचे काही अडले नाही.

म्हातारीने पाण्याकडे बोट दाखवून म्हटले, "हितं खाली आमचं शेत हाय." आहे म्हणाली, होते म्हणाली नाही. धरणात शंभराच्या आसपास गावे उठली. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी सांगलीकडे, कोणी कोकणात. काही जण तिच्यासारखे डोंगरात वर सरकून राहिले. कित्येकांना जमिनीसाठी पुढे पन्नास-साठ वर्षे भांडावे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला तोही तिला आठवतो. पुढे २०१० साली तिथल्या जंगलाचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि आणखी काही गावांवर उठायची पाळी आली.

आजीने विचारले, "मंग देवाईचं काय केलं वं माय?"

म्हातारी म्हणाली, "देव वर आणलं. देऊळ खालीच ऱ्हायलं. उन्हाळ्यात पाणी उतारलं की दिसतंया. मग जातो आमी नारळ फोडाया."

मध्ये मामाने मला खिरखंडी गावाची गोष्ट सांगितली. त्या गावातल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि पुढे जंगलातून चालत शाळेत जायच्या. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आपल्यातले काही जण तर पाऊस आला की घरीच राहतात! (नावे लिहीत नाही.)

तापोळ्याला उतरलो. ते जरा मोठे गाव आहे. तिथे 'मिनी काश्मीर' अशा पाट्या आहेत, पण मी काश्मीर पाहिलेले नसल्याने काही सांगू शकत नाही. मला आवडला तो तराफा. त्याच्यावर जीपगाड्या, मोटरसायकली आणि माणसे सगळी एकदम चढतात आणि पलीकडे जातात. पलीकडे दरे गाव आहे. २०२२ ते २०२४ मध्ये मुख्यमंत्री असलेले एकनाथ शिंदे त्या गावचे. काठच्या गावांत पुष्कळ घरांना कुलपे दिसली. माणसे मुंबईला कामाला गेलेली असतात, जत्रेला आली की कुलूप निघते.

परत येताना आजीने एका बाटलीत शिवसागराचे पाणी भरून घेतले. ते आमच्या देव्हाऱ्यात आहे.

सुटीनंतर हे सगळे मी वर्गात सांगत होतो. माझ्या बाकावरचा मित्र मेळघाटातून उठून आपल्या तालुक्यात वसलेल्या गावचा आहे. लाँच, तराफा, वीज हे त्याने नुसते ऐकून घेतले. मग विचारले, "त्याईचे देव कुठी ठेवले?"

म्हातारीने सांगितलेले मी त्याला सांगितले.

तो म्हणाला, "आमचा तिथंच हाय. वर्षातून एक खेप जातो आम्ही."

ह्या लेखाशेजारी चिकटवलेले चित्र त्यानेच काढले आहे. खाली देऊळ आहे आणि वर लाँच. त्याने लाँच कधी पाहिलेली नाही, म्हणून तिला चाके काढली आहेत. काही मुले म्हणाली, खोडून टाक. पण आम्ही ती तशीच ठेवली.

– इयत्ता सातवी