ग्रंथपेटीतील कफन

५ जूनला संत बोनिफास यांचा सण येतो, तेव्हा मला त्यांनी तोडलेल्या ओकवृक्षापेक्षा त्यांची ग्रंथपेटी आठवते. इंग्लंडच्या या संन्याशाचे फ्रिसियातील पहिले मिशनकार्य इ. स. ७१६ मध्ये निष्फळ ठरले. पुढे जर्मनीत ते आर्चबिशप झाले. तरी वार्धक्यात त्याच भूमीकडे परत निघाले. पेटीत ग्रंथांसोबत कफनही ठेवण्यास त्यांनी सांगितले होते. ७५४ मध्ये डोक्कुमजवळ, नवख्रिस्ती लोकांच्या दृढीकरणाच्या दिवशीच, ते रक्तसाक्षी झाले. फुल्डा येथील त्यांच्या कबरीकडे आजही भाविक जातात.

माझी प्रवचने जिथे रुजली नाहीत, त्या धर्मग्रामातून मी मात्र बदली मागून घेतली. वीस वर्षांत तिकडे फिरकलो नाही. यंदा सणाचा मिस्साबली अर्पण केल्यावर तेथील धर्मगुरूंना पत्र लिहिले : एका रविवारी तुमच्याकडे येऊ का?