उघडलं तर काय?

स्कायडायव्हिंग करतो म्हटलं की समोरचा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "पॅराशूट उघडलंच नाही तर?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाटते की! दुसऱ्याचं उत्तर आता मला तोंडपाठ झालंय. पाठीवरच्या बॅगेत, म्हणजे रिगमध्ये, एक नाही, दोन पॅराशूटं असतात. एक रोजचं, आपणच घडी घालून भरायचं. दुसरं रिझर्व्ह. त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही, ते सरकारमान्य रिगरच भरतो आणि वर शिशाचं सील मारतो. वापरलं नाही तरी अमेरिकेत दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून, परत भरावं लागतं (२००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती). पहिलं नीट उघडलं नाही तर उजवं हँडल ओढून ते सोडून द्यायचं आणि डावं ओढून रिझर्व्ह उघडायचं. खांद्यावरच्या ज्या तीन कड्यांमुळे पहिलं पॅराशूट एका हिसक्यात सुटतं, ती युक्ती बिल बूथ नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात काढली. आणि समजा आपण बेशुद्ध पडलो, तर रिगमधलं एक छोटं यंत्र उंची आणि वेग मोजत असतंच. साधारण ७५० फुटांवरही आपण ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पडत असलो तर ते स्वतःच रिझर्व्ह उघडतं. सायप्रस नावाचं असं यंत्र १९९१ मध्ये जर्मनीतून आलं आणि या खेळाचं रूपच बदललं.

हे ऐकल्यावर समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. आईचाही पडला होता. "दोन असतात ना? मग ठीक आहे," म्हणाली आणि विषय भाजीच्या भावावर गेला.

मी मात्र मनात म्हणतो, आई, तू चुकीचा प्रश्न विचारलास आणि मी त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं.

कारण 'उघडलं तर काय?' हे कुणी विचारतच नाही. अमेरिकेतल्या पॅराशूट असोसिएशनचे अपघातांचे वार्षिक अहवाल आम्ही सगळे वाचतो. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला चाळीसच्या आसपास माणसं या खेळात दगावत होती. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमध्ये दहा. ही सगळी सुधारलेल्या साधनांची आणि शिक्षणाची पुण्याई. पण गेल्या कित्येक वर्षांचे अहवाल चाळले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मरणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यावर पूर्ण उघडलेलं, धडधाकट पॅराशूट होतं. यंत्र गप्प होतं, कारण उघडलेल्या पॅराशूटखाली सहसा तेवढा वेग नसतो. रिझर्व्ह सील न तुटता पाठीवर तसंच होतं. माणूस फक्त उतरताना चुकला.

आता उतरण्यात असं काय अवघड आहे?

जुनी गोल पॅराशूटं छत्रीसारखी खाली यायची. आजचं पॅराशूट म्हणजे कापडाचा पंख आहे. ते पुढे पुढे उडत असतं, आणि आपण हातातल्या दोन दोऱ्यांनी, म्हणजे टॉगलनी, ते वळवतो. हजारेक फुटांवर आलो की विमानासारखीच चौकट आखायची. आधी वाऱ्याच्या दिशेने, मग आडवं, मग वाऱ्याला सामोरं. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल एकदम खाली ओढायचे. याला फ्लेअर म्हणतात. कबूतर कठड्यावर बसताना पंख पसरून कसं थबकतं, तसं. लवकर ओढलं तर पंख वरच थांबतो आणि आपण धपकन खाली. उशीर झाला तर आहे त्या वेगाने जमिनीला भेट.

सगळ्यात वाईट म्हणजे खाली आल्यावर घेतलेलं मोठं वळण. वळताना पॅराशूट सूर मारतं, आणि सावरायला उंची लागते. पन्नास फुटांवर ती उंची नसते. समोर अचानक कुंपण दिसतं, कुणी आडवं येतं, नाहीतर वारा पाठीमागून आहे हे उशिरा लक्षात येतं, आणि हात आपोआप एक टॉगल खाली खेचतो. म्हणून पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. पंख सरळ ठेवा, मोकळी जागा बघा, फ्लेअर करा, पाय जुळवून लोळण घ्या. वारा पाठीमागून असला तरी चालेल, आडवा असला तरी चालेल, पण खाली वळू नका. लोळण घेणं तीन-चार फुटांच्या ओट्यावरून उड्या मारून मारून शिकवतात. आधी तळपाय, मग पोटरी, मांडी, नितंब आणि शेवटी पाठ. आणि नजर? जिथे जायचंय तिथे, अडथळ्याकडे नाही. लूना शिकताना आपण नेमके ज्या खड्ड्याकडे बघायचो त्याच खड्ड्यात जायचो ना, तेच शास्त्र इथे!

आपल्याकडे या खेळाचं नाव काढलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी घेतली तेव्हा सगळ्यांनी आकाशातला तो फोटो एकमेकांना पाठवला. मला तो फोटो बघताना एकच काळजी, एवढं लुगडं सावरून उतरायचं कसं!

तर सांगायचं म्हणजे, आमच्या ड्रॉपझोनवर (दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसपासून दीड-दोन तासांवर, रखरखीत उघडं माळरान) शनिवार-रविवारी ज्या गप्पा चालतात त्या ऐकल्या तर वाटेल की उतरणं ही किरकोळ गोष्ट असावी. वारा वाढला आणि विमान थांबलं की हँगरमधल्या गालिच्यावर सगळे फतकल मारून बसतात. कुणी पॅराशूट घडी करतोय, कुणी त्यावरच डुलकी काढतोय. कुणाचं हेल्मेट नवं, कुणाच्या जंपसूटचा रंग भयाण, कुणाचं ऑफिस सोमवारी बोलावतंय, पेट्रोल किती झालं, कुणाची बायको काय म्हणाली. माझ्या चिवड्याचा डबा फिरत असतो. आमचा म्हातारा रिगर त्यातले शेंगदाणे वेचून खातो आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत देतो. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली की बिअरचं कॅरेट आणायचं. शंभरावी उडी झाली की तोंडावर पाय फासतात. (म्हणजे खायचा तो पाय. आपल्या वाढदिवसाच्या केकसारखंच.) रिझर्व्हने जीव वाचवला तर ज्या रिगरने ते भरलं त्याला एक चांगली बाटली द्यायची. ही प्रथा मला फार आवडते. आभार मानायचा इतका नेमका पत्ता आयुष्यात क्वचित मिळतो.

आणि मग गाडी येते चौरस फुटांवर. मुंबईकर जागेबद्दल बोलतात तसे आम्ही पॅराशूटबद्दल चौरस फुटांत बोलतो. फक्त उलटं! जितके चौरस फूट कमी तितकी प्रतिष्ठा जास्त. लहान पॅराशूट चपळ असतं, वेगाने येतं, आणि उतरताना गवतावरून सरसरत जाणारा माणूस दिसतोही देखणा. त्याचं गणित सोपं आहे. रिगसकट आपलं वजन पौंडात घ्यायचं आणि पॅराशूटच्या चौरस फुटांनी भागायचं. जुनीजाणती मंडळी एक ढोबळ नियम सांगतात. पहिल्या शंभर उड्या एक पौंडाच्या आत राहा, पुढे दर शंभर उड्यांमागे फार तर एक दशांश वाढवा.

मागच्या वर्षी मी माझं १५० फुटांचं विकायला काढलं. पंचेचाळिशी ओलांडली, वर्षाला होणाऱ्या उड्या कमी झाल्या, गुडघ्याने मत नोंदवलं. म्हणून १७० घेतलं. हँगरमध्ये दोघातिघांनी विचारलं, "काय रे, घाबरलास का?" मोठं पॅराशूट घेणं आमच्यात तसं कमीपणाचंच.

ते १५० घ्यायला आला आमच्याच ड्रॉपझोनवरचा एक मुलगा. सांगलीकडचा, एमएस करून इथेच नोकरीला लागलेला. मराठी बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून मला चिकटलेला, दादा दादा करणारा. हुशार, काटक. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे ज्या उभ्या नळीत खालून वारा सोडून तरंगायला शिकवतात तिथे, पगार ओतून ओतून इतका तयार झालेला की हवेत तो माझ्याभोवती प्रदक्षिणा घालायचा.

"दादा, तुझी किंमत मला मान्य आहे. उद्या पैसे पाठवतो."

"उड्या किती झाल्या तुझ्या?"

"ऐंशी."

रिगसकट त्याचं वजन १९० पौंड. तो १९० फुटांचं पॅराशूट उडवत होता, म्हणजे नेमका एक. १५० वर गेला असता तर सव्वाच्याही वर. नियमाने तिथे पोचायला अजून दोनेकशे उड्या हव्यात. मी त्याला आकडेमोड करून दाखवली. पडण्याचा सराव करायला बोगदा आहे, उतरण्याचा सराव करायला काहीच नाही. एका उडीत एकच उतरणं मिळतं. फ्लेअरची ती तीन-चार सेकंदं धरली तर ऐंशी उड्यांत तुझा एकूण सराव साडेपाच मिनिटांच्या आत. आईचा कुकरही याहून जास्त वेळ घेतो!

तो हसला. म्हणाला, "पण दादा, तूच तर इतकी वर्षं १५० उडवत होतास."

या वाक्याने मला आमच्या हँगरमधल्या एका खुर्चीची आठवण झाली. तिथे दर रविवारी एक गृहस्थ काठी टेकवून बसलेले असतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी अगदी नीट उघडलेल्या पॅराशूटखाली शेवटच्या क्षणी वळण घेतलं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मांडीचं हाड आणि कंबर. हेलिकॉप्टर येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. वाचले. पुन्हा उडी मारली नाही, पण येतात. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, लहान पॅराशूट घेताना तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं का? ते म्हणाले, "सगळ्यांनी अडवलं. पण अडवणारे सगळे माझ्याहून लहान पॅराशूट उडवत होते."

मी त्या मुलाला ते विकलं नाही. कॅनॉपीचा एक वेगळा कोर्स असतो. फक्त पॅराशूट उडवण्याचा आणि उतरण्याचा. २०१२ पासून पुढच्या, म्हणजे बी लायसन्ससाठी तो सक्तीचाच आहे. "तो कर, १७० वर शंभर-दीडशे उड्या मार, तोपर्यंत हे तुझ्यासाठी राखून ठेवतो," म्हटलं. त्याने मान हलवली. तीन आठवड्यांनी तो दुसऱ्याच कुणाकडून घेतलेलं १५० घेऊन आला. छान निळं-पिवळं.

आता गोष्टीत यायला हवा तो अपघात आला नाही. तो मस्त उतरतो. आजपर्यंत चाळीसेक वेळा उतरलाय. लांबून हात करतो, पण चिवड्याला येत नाही. हँगरमधले एकदोघे मला म्हणाले, "बघ, उगाच घाबरवलंस पोराला." मी काय बोलणार? चाळीस वेळा नीट उतरला याचा अर्थ चाळीस वेळा समोर कुंपण आलं नाही, एवढाच असू शकतो. किंवा तो खरंच माझ्याहून चांगला असेल. दोन्ही शक्य आहे आणि कुठलं खरं ते मला कळू नये अशीच माझी इच्छा आहे.

पण मला एक कळलंय. आम्ही साधनांवर इतकं का बोलतो? तर ती विकत मिळतात म्हणून. पैसे टाकले की भीती थोडी कमी होते. उतरणं विकत मिळत नाही. ते एकेका उडीने, एकेका लोळणीने मिळतं, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. बिल बूथचंच एक निरीक्षण आमच्यात फार प्रसिद्ध आहे. साधनं जितकी सुरक्षित होतात तितके लोक जास्त धोके पत्करतात आणि हिशोब पुन्हा तिथेच येतो. मत द्यायला काही पडत नाही. हँगरमध्ये ते चिवड्यासारखं मूठमूठ वाटलं जातं. नाही म्हणायला मात्र पडतं. मला एक गिऱ्हाईक आणि दर रविवारचं थोडं मराठी, एवढं पडलं.

मागच्या रविवारी वारा होता. त्याचा ग्रुप विमानाकडे निघाला तेव्हा तो थांबला, पट्टीकडे बघितलं आणि परत येऊन गालिच्यावर बसला. काही बोलला नाही. मीही नाही. डबा तेवढा सरकवला.

असो. १५० अजून कपाटात आहे. घडी उलगडून, उन्हापासून दूर ठेवलंय. कुणाला हवं असेल तर जरूर कळवा. किंमत नंतर बोलू, आधी उड्या किती झाल्यात ते सांगा.