टोकियोत एका कॅसेटसोबत

टोकियोला निघालो तेव्हा आमच्या बॅगेत भाच्यासाठी काजू, आंबापोळी आणि कोकमं होती. शिवाय रुमालात गुंडाळलेली एक साठ मिनिटांची कॅसेट होती. मरहूम अब्बांनी ती १९८४ साली कुवेतहून पाठवली होती. त्या काळी फोन परवडत नसे आणि पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत. म्हणून आखातात गेलेली आपली माणसं कॅसेटवर बोलून ठेवत आणि सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याच्या हाती ती घरी धाडत. कोकणातल्या कितीतरी घरांत रात्री जेवणं आटोपली की सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून अशी 'पत्रं' ऐकत.

पुढे अब्बांनी स्वतः नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आणला. पंधरा-सोळा वर्षं तो चालला. मग आतला रबरी पट्टा वितळला, सुटा भाग कुठे मिळेना, आणि एके दिवशी आम्ही तो भंगारवाल्याला देऊन टाकला. कॅसेट तेवढी कपाटात राहिली. अब्बांचा आवाज असलेली घरातली ती एकच वस्तू.

भाचा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. फोनवर तो म्हणाला होता, "मामू, कॅसेट घेऊनच या. इथे या वस्तूंची अजून कदर आहे." ज्या देशाने १९७९ साली वॉकमन आणि १९८२ च्या ऑक्टोबरात पहिला सीडी प्लेअर बाजारात आणला, तिथे जुन्या कॅसेटी कोण विचारणार, असं आम्हाला वाटलं होतं.

शुक्रवारी योयोगी-उएहारा इथल्या टोकियो जामी मशिदीत जुम्म्याची नमाज अदा केली. उस्मानी धाटणीची ही सुरेख इमारत २००० साली उभी राहिली. त्याआधीची मशीद १९३८ सालची होती. तिथून जवळच शिमोकिताझावा आहे. अरुंद गल्ल्या, जुन्या कपड्यांची दुकानं आणि त्यांच्या मधोमध जुन्या रेकॉर्डची दुकानं. आम्ही एका दुकानात शिरलो. खोली आपल्या वाण्याच्या दुकानाएवढी, पण हजारो रेकॉर्ड ओळीने उभ्या लावलेल्या. प्रत्येक रेकॉर्ड प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत, आणि तिच्यावर चिठ्ठी: कव्हर कसं आहे, चकतीवर ओरखडा आहे का, असला तर कुठे. एक कॉलेजातली मुलगी आणि सत्तरीतले एक गृहस्थ एकाच खोक्यात शोधत होते. दोघांची बोटं कव्हरांवरून अलगद पुढे सरकत होती.

जपानी रेकॉर्डच्या कव्हरला डाव्या बाजूने कागदाची एक पट्टी असते. तिला 'ओबी' म्हणतात. किमोनोच्या कमरपट्ट्याचंही हेच नाव. त्यावर जपानी भाषेत नाव, माहिती आणि किंमत छापलेली असते. दुसरीकडे असा कागद आपण पहिल्याच दिवशी फाडून टाकला असता. इथे पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी शाबूत असेल तर जुन्या रेकॉर्डची किंमत वाढते.

शिबुयातलं टॉवर रेकॉर्ड्स पाहिलं तेव्हा तर आम्ही थक्क झालो. या नावाची मूळ अमेरिकेतली दुकानं २००६ साली बंद पडली. जपानमधला कारभार त्याआधीच वेगळा झाला होता, तो टिकला. १९९५ पासून ते याच बहुमजली इमारतीत आहे आणि मजल्यामागून मजले सीडी आणि रेकॉर्डनी भरलेले आहेत.

हे इथेच का टिकलं? भाच्याने एक कारण सांगितलं. जपानमध्ये पुस्तकांप्रमाणेच नव्या सीडीची किंमतही कंपनी ठरवून देऊ शकते, आणि दुकानदाराला ती कमी करता येत नाही. त्यामुळे मोठ्या दुकानाला स्वस्तात विकून गल्लीतल्या छोट्या दुकानाला बुडवता येत नाही. ग्राहकाला मात्र एका सीडीसाठी तीन हजार येनच्या आसपास मोजावे लागतात. म्हणून १९८० पासून भाड्याने रेकॉर्ड देणारी दुकानंही तिथे फोफावली.

दुसरं कारण शिबुयाच्या चढावर पाहायला मिळालं. तिथे 'लायन' नावाचं कॅफे १९२६ पासून आहे. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं आणि १९५० साली पुन्हा बांधलं गेलं. आत अंधूक उजेड, आणि समोर दोन मजले उंचीचे लाकडी स्पीकर. सगळ्या खुर्च्यांची तोंडं त्यांच्याकडे. बोलायला मनाई, फोटोला मनाई. एक कॉफी मागवायची आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकत बसायचं. हवी ती रेकॉर्ड लावायची विनंतीही करता येते. आमच्या शेजारी एक माणूस डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. आधी वाटलं झोपला आहे. रेकॉर्ड संपली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि पुढची सुरू होताच परत मिटले.

युद्धानंतरच्या वर्षांत परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. घरं लहान, भिंती पातळ. म्हणून लोक एका कॉफीच्या किमतीत अशा कॅफेत येऊन तासन्‌तास ऐकत. जॅझ संगीताचीही अशी कॅफे शहरोशहरी निघाली. ऐकण्यासाठी वेगळं बसायचं, ही सवय तिथे लागली.

मग यंत्रांचा नाद आलाच. काही शौकीन आवाज निर्मळ यावा म्हणून घरासमोर स्वतःच्या खर्चाने वेगळा विजेचा खांब उभारून घेतात! ऐकून आम्हाला हसू आलं. पण या नादामुळेच काही कारखाने जगले आहेत. ह्योगो प्रांतातली जिको ही कंपनी मुळात शिवणाच्या सुया करायची. आज ती जुन्यापुराण्या प्लेअरसाठीही नव्या सुया बनवून देते. टेक्निक्सचा १९७२ सालचा प्रसिद्ध रेकॉर्ड प्लेअर २०१० मध्ये बंद झाला आणि २०१६ मध्ये परत आला. तो बनवणारी कंपनी तीच, जिने अब्बांचा टेपरेकॉर्डर बनवला होता. सोनीने १९८९ मध्ये थांबवलेलं रेकॉर्डचं उत्पादन २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं.

सगळंच गोड आहे असं नाही. लाडक्या गायिकेला भेटण्याचं तिकीट सीडीसोबत मिळतं म्हणून काही तरुण एकाच सीडीच्या दहा-वीस प्रती घेतात आणि न ऐकताच टाकून देतात. जुन्या कॅफेंचे मालक म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्यामागे दिवा लावणारं कोणी नसलं की कॅफे बंद पडतं.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा भाचा आम्हाला एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. तिथले आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. नवे पट्टे बसवलेला, सेलवर चालणारा एक कॅसेट प्लेअर त्यांनी दाखवला. जपानची वीज शंभर व्होल्टची, तेव्हा आपल्याकडे सेलवर चालणारा बरा. आम्ही उतावीळपणे कॅसेट पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, दिव्यासमोर धरली आणि मग दोन्ही हातांची फुली करून मान हलवली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. भाच्याने त्यांचं म्हणणं सांगितलं, "ते म्हणतात, आत्ता लावली तर फीत तुटेल. आधी साफ करायला हवी. एवढी वर्षं थांबलात, अजून थोडं थांबा."

दुकानात एक यंत्र चालू स्थितीत, हातात अब्बांचा आवाज, आणि तो ऐकायचा नाही! प्लेअर घेऊन आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो. रस्त्यात कोणी काही बोललं नाही.

परत आल्यावर पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका मुलाकडे कॅसेट दिली. त्याने ती उघडून फीत कोरडी करून पुसली, नव्या डबीत घातली आणि संगणकावर नक्कल उतरवली. एका बाजूची काही मिनिटं कायमची गेली. बाकीचं वाचलं.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर अम्मींच्या पलंगाजवळ आम्ही सगळे जमलो. खरखर झाली, आणि अब्बा बोलू लागले. विहिरीचा गाळ काढला का? धाकट्याचा खोकला गेला का? मागे कुठे तरी अजान ऐकू येत होती. मध्येच ते म्हणाले, "इथे एक चांगली मशीन बघून ठेवलीय, नॅशनलची. येताना आणतो." भंगारवाल्याला दिलेली ती हीच. आम्ही खाली मान घालून बसलो. अम्मींनी मात्र डोळे पुसले नाहीत की काही विचारलं नाही. बाजू संपून खटका उडाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पलटव की."

वाचकहो, तुमच्याही कपाटात किंवा माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. बापाचं पत्र असेल, आजीने म्हटलेली लग्नातली गाणी असतील. मिळेल त्या यंत्रात घाईने घालू नका. आधी उजेडात धरून पाहा. बुरशी दिसली तर जाणकाराकडून साफ करून घ्या, नक्कल उतरवून घ्या, आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवा. आपल्याकडचा एक पावसाळासुद्धा तिला फार असतो.